शिशुगृहातल्या बाळासाठी डीईआयसी: केंद्र बरं, तिथवरची वाट वाईट

सेवा: जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजेच डीईआयसी. कोणासाठी: मारहाण, उपासमार, हेळसांड किंवा टाकून देणं यामुळे बाल कल्याण समितीपुढे (अशा मुलाने कुठे राहायचं, पुढे काय, हे ठरवणारी समिती) आलेलं आणि शिशुगृहात, म्हणजे लहान बाळांच्या निवासी संस्थेत, ठेवलेलं तीन वर्षांच्या आतलं मूल. खर्च: शून्य. पाचपैकी गुण द्यायचे तर तपासणीला चार, थेरपीला तीन, बाळाच्या मनाकडे बघण्याला दीड आणि समितीपासून केंद्रापर्यंतच्या वाटेला एक. तो एकही हात सैल सोडून दिलेला.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, सगळ्यांच्या तोंडी आरबीएसके, फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. जन्मतःची व्यंगं, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर अशा चार गटांत ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी करायची आणि ज्यांच्यात काही सापडेल त्यांना जिल्हा पातळीवरच्या केंद्रात पाठवायचं, अशी ही रचना आहे. त्या केंद्रात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट व स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, ऑप्टोमेट्रिस्ट, दंतवैद्य, विशेष शिक्षक आणि समाजसेवक एकाच छताखाली बसणं अपेक्षित आहे. बाहेर हीच मंडळी पाच ठिकाणी गाठावी लागतात आणि प्रत्येक ठिकाणी वेगळी फी मोजावी लागते. केंद्राची खरी किंमत या एका छतात आहे. सगळी पदं सगळीकडे भरलेली असतात असं मात्र धरून चालू नका. निघण्याआधी फोन करून ऑडिओलॉजिस्ट कोणत्या वारी असतात एवढं विचारलंत तरी एक हेलपाटा वाचतो.

आता वाटेबद्दल. आरबीएसकेच्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर, एक नर्स किंवा एएनएम आणि एक औषधनिर्माता असतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा, असं त्यांचं मूळ वेळापत्रक. शिशुगृहातलं आठ महिन्यांचं बाळ अंगणवाडीच्या पटावर नसतं आणि शाळेच्या तर नसतंच. आशाताई जन्मानंतर ४२ दिवसांत ठरलेल्या गृहभेटी करतात, पण बाळ घरी असेल तरच. म्हणजे ज्या बाळाला तपासणीची गरज सगळ्यांत जास्त, तेच नेमकं तिन्ही जाळ्यांतून निसटतं. यावर सोपा इलाज आहे: शिशुगृहाच्या अधीक्षकांनी तालुक्याच्या आरबीएसके पथकाला लेखी पत्र देऊन शिशुगृह त्यांच्या दौऱ्यात घालून घ्यावं. पण तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी पथकाची वाटही बघू नये, थेट केंद्रात न्यावं.

कायद्याच्या बाजूने वेळापत्रक बऱ्यापैकी नेमकं आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे मूल २४ तासांच्या आत (प्रवासाचा वेळ सोडून) समितीपुढे आणायचं. सामाजिक तपासणी १५ दिवसांत पूर्ण करायची आणि अंतिम आदेश चार महिन्यांत द्यायचा. दोन वर्षांपर्यंतचं टाकून दिलेलं बाळ असेल तर दत्तकासाठी कायदेशीर मोकळं करण्याचा निर्णय दोन महिन्यांत. या सगळ्या मुदतींत 'विकासाची तपासणी अमुक दिवसांत' अशी मुदत कुठेच नाही. वैयक्तिक काळजी आराखड्यात आरोग्य, शिक्षण, भावनिक गरजा असे रकाने आहेत खरे, पण आठ महिन्यांच्या बाळाच्या शिक्षणाच्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलं जातं आणि आरोग्याच्या रकान्यात 'सर्वसाधारण'. वजन बरं, ताप नाही, लसी चालू, म्हणजे सर्वसाधारण! मान धरतं का, आवाजाकडे वळतं का, हे विचारणारा रकाना कुणाला भरावासा वाटत नाही.

म्हणून कामाची युक्ती अशी की समितीच्या पहिल्या अंतरिम आदेशातच एक वाक्य घालून घ्यायचं: 'सदर बालकाची जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात १५ दिवसांत तपासणी करून अहवाल पुढील तारखेस समितीसमोर ठेवावा.' बस, एवढंच. समिती महिन्यातून किमान २० दिवस बसते, त्यामुळे संधी मिळत नाही ही सबब टिकत नाही. आदेशात ते वाक्य असलं की पुढच्या तारखेला कुणीतरी 'अहवाल कुठाय' असं विचारतं. तोंडी 'एकदा दाखवून आणा' म्हटलं तर ते काम लसीकरणाच्या दिवसावर ढकललं जातं आणि तिथेच विरतं. संशय आला तरच पाठवू, हा विचारही सोडून द्या. इथे मुलाचा इतिहासच पुरेसा संशय आहे. उपासमार, डोक्याला मार, दिवसचे दिवस कुणी बोललेलं नाही, यातली कुठलीही एक गोष्ट विकासाला उशीर करायला पुरते.

सोबतचं पत्र हा पुढचा टप्पा, आणि सगळ्यांत जास्त बिघाड इथेच होतो. 'बाळाची तपासणी व्हावी ही विनंती' एवढ्या ओळीवर तज्ज्ञ काय करणार? वजन घेतलं जातं, 'ठीक' लिहून परत. पत्र असं हवं: 'अंदाजे वय ७ महिने, जन्मतारीख समितीने अंदाजाने ठरवलेली. जन्माचे आठवडे माहीत नाहीत, दाखल होताना वजन ४.९ किलो. मान अजून पूर्ण स्थिर नाही. डावी मूठ बहुतेक वेळ मिटलेली, खेळणं फक्त उजव्या हाताने घेते. भांडं पडलं तरी दचकत नाही. दाखल झाल्यापासून दोनदा झटके. दंडाच्या हाडाला जुना अस्थिभंग, एक्सरे सोबत.' यातली प्रत्येक ओळ एकेका तज्ज्ञाच्या टेबलावर जाते. वर्षाच्या आत एकच हात वापरणं म्हणजे बाळ डावखुरं किंवा उजवं असल्याची खूण नव्हे. दुसऱ्या हातात काही अडचण आहे का ते बघायला हवं. चार महिन्यांनंतरही मूठ मिटलेलीच राहत असेल तर तीही नोंदवायची.

पत्रात काय लिहायचं नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. कोणी मारलं, आईचं नाव, गाव, पोलिसांतली हकिकत, लैंगिक अत्याचाराचा तपशील यातलं काहीही थेरपिस्टला लागत नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख माध्यमांतून उघड करणं गुन्हा आहे, आणि जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत तर केसपेपर पाच हातांतून फिरतो. तिथे समितीचा आदेश क्रमांक आणि 'द्वारा अधीक्षक' एवढं पुरतं. केंद्राच्या भिंतीवर 'आमची बाळं' म्हणून फोटो लावायची हौस कुठेकुठे असते, त्याला नम्रपणे नकार द्या. काही तपासण्यांत बाळाला गुंगीचं औषध द्यावं लागतं, त्याला संमती कोण देणार यावर सकाळ वाया जाते. संमतीचा अधिकार कोणाकडे आहे ते सांगणारं पत्र आणि आदेशाची झेरॉक्स पिशवीत असू द्या.

तपासणीच्या दिवशी कोण जातं यावर निकाल हलतो, हे फार थोड्या ठिकाणी लक्षात घेतलं जातं. ड्युटीवर असेल ती मावशी, गाडीचा चालक आणि बाळ अशी वरात निघते. मावशी कालच रुजू झालेली असते, तिला बाळ काय खातं एवढंही ठाऊक नसतं. अनोळखी कडेवर, अनोळखी खोलीत बाळ थिजून बसतं. ठोकळा उचलत नाही, घंटीकडे बघत नाही, आणि कागदावर उतरतं 'करू शकत नाही'. बाळाला अंघोळ घालणारी, भरवणारी मावशीच जायला हवी. तिची पाळी बदलावी लागली तरी बदला. सोबत त्याचं नेहमीचं दुपटं, एक ओळखीचं खेळणं, आणि मोबाइलवर तीन मिनिटांचा व्हिडिओ: पालथं पडलेलं, बसवलेलं आणि भरवतानाचं बाळ. तज्ज्ञांना दाखवा आणि केंद्रातून निघण्याआधी फोनमधून पुसून टाका.

कानाच्या ओएई तपासणीला उलटं हवं, बाळ पोट भरून झोपलेलं असलं पाहिजे. रडणाऱ्या बाळावर ती होतच नाही. मशीनवर 'पास' किंवा 'रेफर' येतं. 'रेफर' म्हणजे बहिरं असा अर्थ शिशुगृहाच्या रजिस्टरात लिहून मोकळं होऊ नका. कानात मळ असला, सर्दी असली तरी 'रेफर' येतं. मशीन पुन्हा लावायचं. त्यातही शंका राहिली तर बेरा, म्हणजे आवाज कानाच्या नसेतून मेंदूकडे पोचतो का हे बघणारी तपासणी. आणि ज्या बाळाला जन्मानंतर तीव्र कावीळ झाली होती किंवा जे काचेच्या पेटीत होतं, त्याला ओएई 'पास' आली तरी बेरा मागून घ्या, कारण ओएई फक्त आतल्या कानापर्यंत बघते, नसेपर्यंत नाही. जन्माचा इतिहासच नसलेल्या बाळाला याच फेरीत थायरॉईडची टीएसएच तपासणी करून घ्यायला विसरू नये. ती साधी रक्ततपासणी आहे, आणि थायरॉईड कमी असेल तर रोजची एक स्वस्त गोळी मेंदूचं नुकसान थोपवते. उशीर झाला तर तीच गोळी झालेलं नुकसान भरून काढत नाही.

विकास मोजण्याच्या साधनांत झटपट चाळणीसाठी त्रिवेंद्रमचा तक्ता आहे, आणि सविस्तर मोजमापासाठी डीएएसआयआय. हे दुसरं साधन बडोद्याला प्रमिला फाटक यांच्या कामातून उभं राहिलं आणि १९९७ मध्ये सुधारलं गेलं. जन्मापासून ३० महिन्यांपर्यंत, हालचालींच्या ६७ आणि बौद्धिक १६३ नोंदी. मूल आपल्याकडचं, तर मोजपट्टीही आपल्याकडची, हे चांगलंच आहे. अडचण मोजपट्टीत नाही, वयात आहे. विकासाचं वय भागिले खरं वय गुणिले शंभर, हे साधं गणित. सत्तर किंवा त्याखाली आलं की उशीर. समजा बाळ चार महिन्यांच्या बाळाइतकं करतंय. त्याचं वय पाच महिने धरलं तर अंक येतो ८०, सहा धरलं तर ६७. आता जन्मतारीख जर समितीने अंदाजाने लिहिलेली असेल, तर एका महिन्याच्या अंदाजावर बाळ 'ठीक' आणि 'मागे' यांच्यामध्ये झुलतं! अपुऱ्या दिवसांचं असेल तर आणखी फरक. ३२ व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या वयातून दोन वर्षांचं होईपर्यंत आठ आठवडे वजा करायचे असतात. म्हणून अहवालात अंकाशेजारी 'वय अंदाजे' हे दोन शब्द लिहून मागा, आणि एकाच अंकावर काहीही ठरवू देऊ नका.

पहिल्या आठवड्यातला अंक तर पहिला आधार म्हणून ठेवायचा, निकाल म्हणून नाही. उपाशी, घाबरलेलं, आजारी बाळ कमीच करून दाखवणार. अडीच-तीन महिने नीट खाणं, एकच माणूस आणि व्यायाम मिळाल्यावर पुन्हा मोजायचं. या दरम्यान दोन चुका होतात आणि दोन्ही महागात पडतात. एक, पहिल्या कागदावरून 'मतिमंद' हा शब्द चिकटतो, दत्तकाच्या वैद्यकीय अहवालात 'विशेष गरजा' येतं आणि बाळाचा पुढचा रस्ताच बदलतो. दुसरी उलटी, आणि आमच्या मते जास्त घातक: 'वातावरणामुळे आहे, चांगल्या घरी गेलं की आपोआप सुधारेल.' हेळसांडीतून आलेल्या बाळालाही सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं अपंगत्व) असू शकते, ऐकू कमी येऊ शकतं. प्रेमाने कान उघडत नाहीत.

मार लागलेल्या बाळाबद्दल केंद्राला एक उणे गुण, कारण ही त्यांची खासियत नाही. जखमा ओळखणं रुग्णालयातच, केंद्रात येण्याआधी व्हायला हवं. जे बाळ अजून रांगत नाही, धरून उभं राहत नाही, त्याच्या अंगावर निळा डाग सहसा पडत नाही. चार महिन्यांच्या आत कुठेही डाग असेल, किंवा चार वर्षांच्या आत धड, कान, मान यांवर असेल, तर 'पाळण्यातून पडलं' हे उत्तर तपासून घ्यायचं. आपल्याकडे मात्र उलट गोंधळही होतो: कमरेवर, ढुंगणावर जन्मापासूनचा निळसर-करडा डाग बऱ्याच बाळांना असतो. तो दुखत नाही, दिवसागणिक हिरवा-पिवळा होत नाही, काही वर्षांत फिकटतो. दाखल करताना त्याची नोंद केली नाही तर महिन्याभराने आरोप शिशुगृहावर येतो. दोन वर्षांच्या आत मारहाणीचा संशय असेल तर सगळ्या हाडांचे एक्सरे, साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा, आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी, कारण जोरात हलवलेल्या बाळाच्या पडद्यात रक्तस्राव असू शकतो. मेळघाटातल्या पोटावरच्या डंब्याच्या, म्हणजे तापवलेल्या लोखंडाने दिलेल्या डागण्यांच्या, खुणा, किंवा बिब्ब्याचे चटके, हे वेगळं प्रकरण. घरच्यांचा हेतू पोटाचा त्रास थांबवण्याचा असतो, पण बाळाच्या दृष्टीने तो भाजल्याचा घावच आहे. पत्रात हेतू लिहू नये. खुणा किती, कुठे, किती जुन्या एवढंच लिहावं.

थेरपीला तीनच गुण का? कारण आठवड्यातून एकदा अर्धा तास चेंडूवर बाळ डोलवून कंबर बळकट होत नाही. काम होतं ते शिशुगृहात, रोज, कपडे बदलताना. चांगला फिजिओथेरपिस्ट बाळापेक्षा मावशीला जास्त वेळ देतो. दर वेळी एकच व्यायाम मागा, दहा नकोत. मावशीने तो तिथेच करून दाखवायचा, थेरपिस्टने हात धरून सुधारायचा. जागेपणी दर दोन-अडीच तासांनी तीन ते पाच मिनिटं पालथं घालणं, छातीखाली गुंडाळलेला टॉवेल, समोर मावशीचा चेहरा. सतत पाळण्यात उताणं ठेवल्याने डोकं मागून चपटं आणि मान लुळी झालेली बाळं यावर काही आठवड्यांत मान उचलू लागतात. उशीला बाटली टेकवून दूध पाजणं आजच बंद करा: दूध कानात जातं, आणि मांडीवर घेऊन पाजतानाची नजरभेट हुकते, ती वेगळीच. तेलमालीश हलक्या हाताने जरूर, पण ताठ पाय ओढून 'सरळ' करायचे नाहीत. बसायचं वॉकर कुणी दान दिलं तर कौतुकाने ठेवून द्या, वापरू नका. धरून उभं राहायला लागलेल्या मुलाला जुना लाकडी पांगुळगाडा त्याहून शंभरपट बरा.

मनाकडे बघण्याला दीड गुण दिला, तोही उदार होऊन. केंद्राची मांडणी हात, पाय, कान, डोळे, दात अशी आहे. भीतीला तिथे टेबल नाही. शिशुगृहात ज्या बाळाचं सगळ्यांत जास्त कौतुक होतं, 'किती शहाणं, अजिबात रडत नाही', त्याच बाळाची सगळ्यांत आधी काळजी करावी. रडून कुणी येत नाही हे ते शिकलेलं असतं. उचललं की अंग ताठ करतं, किंवा कोणत्याही परक्याच्या कडेवर बिनतक्रार जातं. डोळे मात्र खोलीतल्या मोठ्या माणसांच्या हातांवर. हे वर्तन ओळखायला यंत्र लागत नाही. आठवडाभराची नोंद लागते: किती वेळा रडलं, कुणाला बघून शांत झालं, दुखल्यावर कुणाकडे वळलं. ती नोंद घेऊन केंद्राच्या मानसशास्त्रज्ञांकडे स्वतंत्र वेळ मागा. आणि उपाय औषधात नसून पाळीपत्रकात आहे. प्रत्येक मावशीच्या नावावर दोन-तीन बाळं ठरलेली, त्यांची अंघोळ-भरवणं-झोपवणं शक्यतो तिच्याकडेच. फुकटात होणारा एवढा परिणामकारक उपचार दुसरा नाही, आणि सगळ्यांत जास्त विरोध यालाच होतो, कारण 'लळा लागतो'. लळा लागावा म्हणूनच तर करायचं.

अमेरिकेत २००३ मध्ये बालसंरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली आणि छळ वा हेळसांड सिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या आतल्या मुलाला शीघ्र हस्तक्षेप सेवेकडे पाठवण्याची पद्धत राज्यांना ठेवावीच लागली. तिकडे मूल दाखवल्यापासून ४५ दिवसांत तपासणी आणि कुटुंबाचा आराखडा तयार व्हायला हवा, दर सहा महिन्यांनी त्याची उजळणी. सेवा पालकांच्या मर्जीवर असल्याने तिकडेही पाठवलेलं प्रत्येक मूल पोचतंच असं नाही. पण पाठवायचं की नाही हा प्रश्न तिथे एकेका अधिकाऱ्याच्या आठवणीवर सोडलेला नाही. आपल्याकडे केंद्र आहे, समिती आहे, दोघांना जोडणारी सक्ती नाही. म्हणून ती आदेशातली एक ओळ.

केंद्रात पद रिकामं असेल तर पर्याय आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागांत विकास तपासणीची ओपीडी असते. मुंबईत हाजी अलीची अखिल भारतीय पुनर्वसन संस्था, आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था, जिथे २०२१ पासून सर्व प्रकारच्या अपंगत्वांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्रही आहे. आजारी बाळ एक वर्षाच्या आतलं असेल तर सरकारी रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी १०२ची गाडी मोफत मिळते.

शेवटचा बिघाड बाळ शिशुगृहातून निघताना होतो. ते आजीकडे जातं, दुसऱ्या जिल्ह्यात जातं, दत्तक घरी जातं, आणि फाइल कपाटात राहते. केंद्राचा नोंदणी क्रमांक, दोन्ही मोजमापांचे कागद, चालू व्यायाम आणि पुढची तारीख यांची झेरॉक्स बाळासोबत गेली पाहिजे. त्यावर वरच्या कोपऱ्यात मावशीकडून एक ओळ लिहून घ्या: बाळ कोणत्या हाकेला मान वळवतं. आईने ठेवलेलं नाव एक, शिशुगृहाच्या रजिस्टरात दुसरं, नव्या घरी तिसरं; आणि मावशी तर 'पिल्या' म्हणून हाक मारत असते. नव्या गावातला डॉक्टर तिसऱ्या नावाने हाक मारतो, बाळ वळत नाही, आणि कागदावर उतरतं: 'नावाला प्रतिसाद नाही.'